कपाळावरची आठी

"मॅडम, तुम्हाला साखर किती?" आईने विचारलं.

चमचा साखरेच्या डब्यावर धरून ती थांबली होती. चेहरा इतका सरळ, की हसू दाबायला मुलीला खिडकीबाहेर बघावं लागलं.

"अर्धा चमचा."

"अर्धाच? म्हणूनच अशा वाळलात." आईने दीड चमचा टाकला. रोज टाकायची तेवढाच.

प्रशिक्षक समोरच्या खुर्चीत बसून कॅमेरा पुसत होता. साबणाच्या ज्या परदेशी कंपनीत मुलगी नुकतीच लागली होती, ती कंपनी या देशात पाय रोवू पाहत होती, आणि नव्या माणसांना धंदा शिकवण्याचं काम या प्रशिक्षकाकडे होतं. त्याचा पहिला धडा असा, की बाजारात शिरायचं तर आधी घरात शिरा. प्रत्येकाने एक घर शोधायचं आणि तिथे कपडे कसे धुतात ते चित्रित करायचं. घर नात्यातलं चालणार नाही, नात्यातली माणसं आपल्याला बरं वाटेल असं बोलतात. ही अट मोडणाऱ्याची नोकरी पक्की होणार नव्हती.

ठरलेल्या बाईंनी ऐन वेळी नकार दिला, तेव्हा आईच म्हणाली होती, "मग सांग, की मी तुझी कोणी नाही. हाय काय नि नाय काय!" भिंतीवरचा मुलीचा फोटोही तिनेच काढून कपाटात ठेवला. खिळा तेवढा राहिला.

"घरी कोण कोण असतं, ताई?" प्रशिक्षकाने विचारलं.

"मी आणि मुलगी. मोठ्या कंपनीत आहे ती."

"घरकामात मदत करते?"

"छे हो. पाहुण्यासारखी येते नि जाते." आईने कप पुढे केला. "घ्या ना मॅडम, गार होतोय."

मग सगळे न्हाणीघराशी गेले. आईने टब भरला, लाल साबणाची वडी काढली. शहराबाहेरच्या एका लहानशा कारखान्याचा हा साबण. कंपनीला इथे जागा घ्यायची होती ती त्याचीच.

"मी काय ऑपरेशन करतेय का, एवढे डोळे लावून बघायला?" आई म्हणाली, पण पदार्थात मीठ टाकावं तितक्या सहजपणे तिचे हात कामाला लागले.

प्रत्येक कपडा आधी नाकाशी धरायचा आणि मगच भिजवायचा, ही तिची जुनी सवय. मुलीच्या कॉलरवरून तिला सगळं कळायचं. आज डबा तसाच परत आणलास. आज उन्हात चालत आलीस. "घाबरल्याचा घाम वेगळाच असतो गं," असंही ती म्हणायची.

"शी, आई! घाण नाही वाटत तुला?"

"तुझं लहानपणी काय काय धुतलंय, सांगू?"

हे त्यांचं ठरलेलं भांडण. त्या दिवशी अर्थातच ते झालं नाही.

निळ्या रेघांचा शर्ट हाती आला तशी आई थांबली. आदल्या दिवशी तोच शर्ट घालून मुलगी वर्गात पहिल्यांदा सगळ्यांसमोर उभी राहिली होती. लाल वडीचा कारखाना कसा बंद पडेल, हे तिने नीट मांडलं होतं. टाळ्या पडल्या होत्या.

आईने कॉलर पुन्हा नाकाशी नेली. कपाळाला आठी पडली. तिने मान वर केली ती कॅमेऱ्याकडे बघायला नव्हे, कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या मुलीकडे बघायला. मुलगी हातातल्या कागदांत बघत राहिली.

"पुन्हा या हं, मॅडम," निघताना आई दारातून म्हणाली.

मुलगी ऑफिसातून परतली तेव्हा आई झोपली होती. सकाळी आई उठायच्या आतच ती बाहेर पडली. दुपारी शेजारणीचा फोन आला. ती घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्रास झाला नसेल फारसा. शर्ट दोरीवर वाळला होता.

आई गेल्याचं तिने ऑफिसात कळवलं. कोणती आई, ते कळवलं नाही.

ती कामावर परतली त्या दिवशी वर्गात सुगंधाचे नमुने फिरत होते. कागदाच्या पट्ट्या, प्रत्येकीवर एकेक वास: फुलांचा, लिंबाचा, 'नव्या सकाळचा'. सगळे मिळून खोलीत गोडूस दर्प कोंडला होता.

प्रशिक्षक सांगत होता, आधी छोट्या पुड्या काढायच्या. तोटा सोसून त्या लाल वडीपेक्षा स्वस्त विकायच्या. समोरचा दमला, की भाव आपल्या हातात.

"म्हणजे आधी दाणे टाकायचे, मग मान मुरगळायची," शेजारचा चष्मेवाला म्हणाला. सगळे हसले. प्रशिक्षकही हसला.

"पण नुसत्या स्वस्ताईने गिऱ्हाईक टिकत नाही. त्याला स्वतःच्या वासाची लाज वाटायला हवी. काही देशांत ती आयती मिळते, काही देशांत शिकवावी लागते. इथे तर..." त्याने दिवे मालवले. "हे बघा."

भिंतीवर आई आली. मागे तो रिकामा खिळा, मग टब, मग हात. शर्ट नाकाशी गेला आणि प्रशिक्षकाने चित्र थांबवलं. आठी पडलेला तो चेहरा भिंतभर झाला.

"किळसेचा क्षण," तो म्हणाला. "इतका चोख मी कुठल्याच देशात पाहिला नाही."

"बाईंना आता ओकारीच येणार," चष्मेवाला म्हणाला. पुन्हा हसू.

मुलीने हातातली पट्टी मुठीत चुरगळली, तर वास तळहाताला लागला. तिने तो स्कर्टला पुसला. गेला नाही.

"हा तुकडा आता आपल्या सगळ्या देशांतल्या ऑफिसांत दाखवतील. खाली एक वाक्य टाकू, बाईंच्या तोंडचं." प्रशिक्षक तिच्याकडे वळला. "घर तू शोधलंस. तूच सांग. काय म्हणतायत त्या?"

ती उठून भिंतीपाशी गेली. प्रोजेक्टरचा उजेड अर्धा तिच्यावर पडला.

"तिला किळस आलेली नाही."

"मग ही आठी कसली?"

"तो शर्ट माझा आहे." तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा शांत निघाला. "ही माझी आई."

चष्मेवाल्याने चष्मा काढून हातात धरला.

"ती विचारतेय," मुलगी म्हणाली, "तिथे तुला काही त्रास आहे का, म्हणून."

भिंतीवरचे डोळे त्या दिवशीसारखेच तिच्यावर खिळले होते. या वेळी तिने मान खाली घातली नाही.

"आहे गं, आई," ती म्हणाली. "खूप आहे."