दोन अक्षरांची जागा

"पुढचं मी वाचू, की तुम्हीच वाचता, काका?" मॅडमनी विचारलं.

"तुम्हीच वाचा. चष्मा घरी राहिला," सोपानराव म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशातच होता.

मॅडमनी पत्राचं पान उलटलं. पत्र शहरातल्या एका दंतवैद्याचं होतं. गेल्या महिन्यात तो आपल्या मुलीला घेऊन डोंगरातल्या पहिल्या वाटेवर आला होता आणि परतताना चुकला होता.

"'चार तासांनी आपले कर्मचारी शोधत आले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मात्र आल्या आल्या ते म्हणाले, अहो, सोपं तर होतं! माझी अकरा वर्षांची मुलगी त्या चार तासांत एकदाही रडली नव्हती. ते वाक्य ऐकून रडली. मी रोज लोकांचे दात काढतो. अजिबात दुखणार नाही, असं मी कुणाला सांगत नाही. थोडं दुखेल, हात वर केलात की थांबेन, असं सांगतो. आपल्या पाटीवर सोपी असा शब्द ज्यांनी लिहिला, त्यांनी याचा विचार करावा.'"

कोपऱ्यातला कारकून खाली वाकून पेन शोधू लागला. पेन त्याच्या कानावर होतं. त्याला हसू आवरत नव्हतं, इतकंच.

सोपानराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव हजेरीपटात होतं आणि बहुधा तिथंच राहणार होतं. कुणी काहीही विचारलं तरी यांचं उत्तर ठरलेलं, "सोप्पं आहे!" नळ गळतोय? सोप्पं आहे. फॉर्म भरायचाय? सोप्पं आहे. एका जुन्या साहेबांनी कंटाळून त्यांना सोपानराव म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. सव्वीस वर्षं ते डोंगरातल्या वाटा राखत होते. दगडांवर पिवळे बाण रंगवायचे, खुणेसाठी रचलेल्या दगडांच्या राशी ढासळल्या की पुन्हा रचायच्या, वाऱ्यानं आलेली वाळू पायवाटेवरून काढायची, हे त्यांचं काम. वाटेच्या तोंडाशी असलेल्या पाटीवर 'पहिली वाट : सोपी' हे शब्द त्यांनीच घोटून घोटून लिहिले होते. दर दोन वर्षांनी ते त्यावर पुन्हा रंग फिरवत.

"ही दुसरी तक्रार आहे, काका," मॅडम म्हणाल्या. "नवख्यांसाठीच्या वाटांची यादी मला सोमवारी वर पाठवायचीये. त्यातून ही वाट मी काढतेय."

"काढताय म्हणजे?"

"वाटाड्या घेतल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही."

"आणि वाटाडे आहेत कुठं आपल्याकडं?"

मॅडमनी पत्राची घडी घालून ते पाकिटात सारलं. कार्यालयाच्या प्रमुख म्हणून बदली होऊन त्यांना इथं आठच महिने झाले होते. पण त्या आठ महिन्यांत त्या सगळ्या वाटा चालल्या होत्या, त्यामुळे त्यांच्यापुढं वाद घालायची सोय नव्हती. उघड्याबोडक्या, झाड नसलेल्या त्या डोंगरांत एकूण अकरा वाटा. त्यातल्या दहा दोर आणि दणकट मांड्या असलेल्यांसाठी. साध्यासुध्या माणसाला, पोटाचा घेर घेऊन, कधी नव्हे ते बूट घालून चालता येईल अशी ही एकच. ती बंद झाली की लोक गाडीच्या काचेतून डोंगर बघणार आणि फोटो काढून परत जाणार. सोपानराव महिनाअखेरीला निवृत्त होत होते. आपल्यामागं आपली वाटही निवृत्त होणार, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

"सोमवारपर्यंत वेळ द्या. खुणा नीट करतो."

"नीट झाल्या हे ठरवणार कोण? तुम्हाला ती वाट डोळे मिटून येते. मलाही आता येते. एखादं नवखं माणूस एकटं जाऊन एकटं परत आलं, तर मी मानेन. आहे असं कुणी?"

सोपानरावांनी जरा विचार केला. "आहे. माझ्या घरातच आहे."

"काकू?" कारकुनाला राहवलं नाही. "अहो, त्या बाजारातून घरी येताना चुकतात!"

"म्हणूनच," सोपानराव म्हणाले.

काकूंचं शिवणयंत्र पुढच्या खोलीत खिडकीशी होतं. गावातल्या निम्म्या पडद्यांना आणि पाऊण शर्टांना त्यांचा हात लागलेला. दुपारी दोन-तीन मुली शिकायलाही यायच्या. काकू बोलायला फटकळ, पण शिकवायला मात्र कमालीच्या शांत. सोपानरावांनी सगळी हकिगत सांगितली तेव्हा यंत्र चालूच होतं.

"मी? त्या दगडांत?" काकू हसल्या. "लग्न होऊन आले त्या वर्षी नेलं होतंत ना? आठवतंय का काय झालं ते?"

आठवत होतं. पाटीपासून शंभर पावलांवर एक गुळगुळीत कातळ लागतो. काकू तिथं अडल्या होत्या. सोपानराव वर उभं राहून, कमरेवर हात ठेवून म्हणत होते, 'अगं ये की, सोप्पं आहे!' काकू बसून घसरत खाली आल्या, घरी गेल्या आणि त्यानंतर त्यांनी डोंगराचं नाव काढलं नाही. सोपानराव तेव्हा हसले होते. पुढं कित्येक वर्षं ही गंमत म्हणून पाहुण्यांना सांगतही होते.

"त्या पत्रात अजून काय होतं?" काकूंनी विचारलं.

सोपानरावांनी खिशातला चष्मा उगाच काढला, पुसला. "मी त्यांना म्हणालो, सोपं तर होतं. तर ती पोरगी रडली म्हणे. माझ्या ध्यानातही आलं नव्हतं."

यंत्र थांबलं. काकूंनी सुईखालचं कापड तसंच ठेवलं.

"रडणारच," त्या म्हणाल्या. "ज्याला येतं त्याला सगळंच सोपं. तुम्ही सोपं म्हणालात की समोरच्याला विचारायची सोयच राहत नाही. विचारलं तर आपणच मठ्ठ ठरतो. सव्वीस वर्षं मी तुम्हाला काही विचारलंय कधी? टीव्हीचा रिमोटसुद्धा मी शेजारणीकडून शिकले."

सोपानरावांना हे ठाऊक नव्हतं. बायको समजूतदार आहे, तिला सगळं आपलं आपण येतं, असंच ते धरून चालले होते.

"मी येईन," काकू म्हणाल्या. "पण मी पुढं, तुम्ही मागं. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. आणि तो शब्द तर नाहीच नाही."

शनिवारी उजाडताच दोघं निघाली. थंडीचे दिवस होते, दगड अजून गार होते. कातळाशी काकू थांबल्या. सोपानरावांचं तोंड उघडलं आणि मिटलं. काकूंनी मागं वळून त्यांच्याकडं पाहिलं, मग कातळाकडं पाहिलं, आणि सरळ न चढता आडव्या चालत कडेकडेनं वर गेल्या. तिथून पाय ठेवायला जागा आहे, हे सोपानरावांनीही कधी पाहिलं नव्हतं. तिथून सपाटी, मग कोरड्या ओढ्यात उतरायचं आणि ओढ्याच्या पात्रातून वर खिंडीपर्यंत जायचं. बाण ठळक होते. काकू न चुकता खिंडीत पोचल्या. पलीकडं डोंगरांच्या रांगांमागं रांगा, लाल, करड्या, मग निळसर, आणि त्यांच्या पायाशी पसरलेलं रखरखीत पठार.

"हे तुम्ही रोज बघता?" काकूंनी विचारलं.

बोलायचं नाही असं ठरलं होतं. सोपानरावांनी मान हलवली. त्यांच्या मनात आलं, हिला हे दाखवायला आपल्याला सव्वीस वर्षं लागली. त्यांना फार वाईट वाटलं.

परतताना काकू ओढ्यातून खाली येऊ लागल्या. एका ठिकाणी ओढा सोडून उजवीकडं वर चढायचं असतं. तिथं उंटदगड आहे. बसलेल्या उंटासारखा, हुबेहूब मान आणि मदार असलेला. 'उंटदगडापाशी वळा,' असं सोपानराव आल्यागेल्याला सांगत. काल घरीही त्यांनी काकूंना दोनदा सांगितलं होतं. काकू त्या दगडाजवळून गेल्या आणि सरळ पुढं निघाल्या. सोपानरावांनी ओठ चावला. पुढं ओढा एका कड्यावरून खाली तुटतो, दोन पुरुष उंच. काकू कड्यापाशी येऊन थबकल्या. याच जागी तो दंतवैद्य आणि त्याची मुलगी बसलेली सापडली होती.

"मी चुकले ना? आता बोला."

"अगं, उंटदगड गेला की मागं!"

"कुठाय उंट?"

सोपानराव त्यांना घेऊन मागं आले, दगडाशी उभे राहिले आणि बोट दाखवायला हात उचलला. हात तसाच राहिला. समोर उंट नव्हता. मान नव्हती, मदार नव्हती. वरून उतरताना तो नुसता धोंडा होता, त्या ओढ्यातल्या आणखी शेकडो धोंड्यांसारखा. बाण होता, पण तो पलीकडच्या अंगाला, चढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. सव्वीस वर्षं ते इथून परत जात होते, पण पायांनी. इथं त्यांनी डोळे कधी वापरलेच नव्हते.

ते त्या धोंड्यावर बसले. "तू नाही चुकलीस," ते म्हणाले. "मी चुकलो. त्या पोरीला मी काय बोललो ग."

काकू शेजारी बसल्या. मग काकूंनी पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

"बाण रंगवतो या बाजूला. मोठा," सोपानराव म्हणाले.

"बाण रंगवाच. पण नुसत्या बाणानं भागायचं नाही. नव्या मुलीला शिवण शिकवताना मी टाचण्या कुठं लावते? मला वाटेल तिथं नाही. तिचा हात जिथं थांबतो तिथं. आज मी जिथं जिथं थांबून तुमच्याकडं वळून पाहिलं, तिथं मला बाण नको होता. 'बरोबर चालली आहेस' एवढं कुणी म्हणायला हवं होतं."

रविवारी ती दोघं पिवळ्या रंगाचा डबा घेऊन पुन्हा गेली. काकू पुढं चालत आणि जिथं पाऊल अडखळेल तिथं उभ्या राहत. सोपानराव तिथल्या दगडावर 'बरोबर चालली आहेस' म्हणणारा बशीएवढा ठिपका काढत. जाताना एका अंगाला, येताना दुसऱ्या अंगाला.

"इथं कशाला? इथं तर एकच वाट आहे," सोपानराव एका ठिकाणी कुरकुरले.

"एकच आहे हे तुम्हाला माहितीये," काकू म्हणाल्या.

सोपानरावांनी मुकाट्यानं ठिपका काढला.

सोमवारी सकाळी काकू एकट्या निघाल्या. पायात मुलाचे जुने बूट, खांद्याला घरी शिवलेली पिशवी. मॅडम आणि सोपानराव पाटीखालच्या बाकावर बसले. दीड तासाची वाट. दोन तास झाले. सव्वादोन. सोपानराव उठले.

"बसा, काका."

"गुडघा दुखतो तिचा."

"बसा. तुम्ही गेलात तर त्या परत आल्या असं मी लिहिणार नाही."

सोपानराव बसले, पण नावालाच. वाट यादीतून जाते की राहते हे त्यांच्या डोक्यातून केव्हाच गेलं होतं. ती कड्यापाशी एकटी बसली असेल का, एवढंच डोक्यात होतं. आणि आपण पोचलो की आपल्या तोंडून पहिलं वाक्य काय निघेल, याची त्यांना भीती वाटत होती.

पावणेतीन तासांनी सपाटीच्या टोकाला काकू दिसल्या. त्या सावकाश येत होत्या. ठिपका आला की त्यावर क्षणभर हात ठेवायच्या आणि पुढं निघायच्या. एकदाही त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. कातळाशी येताच आडव्या वळल्या, कडेकडेनं उतरल्या आणि बाकाशी येऊन बाटलीतलं उरलेलं पाणी प्यायल्या.

"वेळ लागला," त्या म्हणाल्या. "वर जरा बसले होते. घाई कशाला करायची?"

"काकू, खरं सांगा हं," मॅडमनी विचारलं. "सोपी आहे?"

सोपानरावांचा जीव टांगणीला लागला.

"सोपी कसली!" काकू म्हणाल्या. "पण जमण्यासारखी आहे."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. "यादीत राहील," त्या उठत म्हणाल्या. "पण पाटी बदला, काका. काकू म्हणाल्या तेच लिहा."

निवृत्तीच्या दिवशी कार्यालयात भाषणं झाली. कारकुनानं सोपानरावांवर चार विनोद केले आणि पाचवा अर्ध्यावर सोडून तो डोळे पुसत पेन शोधायला खाली वाकला. त्यानंतर सोपानराव रंगाचे डबे घेऊन पाटीकडं गेले. काकू सोबत होत्या. आदल्याच दिवशी सोपानरावांनी त्या दंतवैद्याच्या मुलीला चार ओळींचं पत्र पाठवलं होतं. उंट एकाच बाजूनं उंट असतो, चूक तुझी नव्हती, माझी होती, असं त्यात होतं. पत्र पेटीत टाकण्याआधी काकूंकडून वाचून घेतलं होतं.

त्यांनी खरवडणीनं 'सोपी' काढायला घेतलं. तेरा वेळा चढवलेला रंग होता, पापुद्र्यांनी निघत गेला. मग त्या जागेवर, त्याच घोटीव अक्षरात, त्यांनी लिहायला सुरुवात केली. 'जमण्या' पर्यंत सगळं नीट झालं. 'सारखी' येईतो लाकडाची कड आली.

काकू मान तिरपी करून पाहत होत्या. "शेवटची अक्षरं दाटली."

"जागा दोनच अक्षरांची होती," सोपानराव म्हणाले. "कसं करावं?"

'कसं करावं' असं काकूंना विचारायची सव्वीस वर्षांत त्यांची ही बहुधा पहिलीच वेळ होती. काकूंनी त्यांच्या हातातून ब्रश घेतला, पिवळ्या डब्यात बुडवला आणि दाटलेल्या अक्षरांपुढं उरलेल्या टीचभर जागेत एक ठिपका काढला.