नसलीस तर कळलं पाहिजे

व्हायोला शिकवणाऱ्या बाईंचा वर्ग कुलपांच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. खाली किल्ल्या घासायचं यंत्र सुरू झालं, की वर तारा जुळवणं थांबवावं लागे. मुलं चारच. व्हायोलिनवाले दोघे भाऊ, चेलो वाजवणारा एक गोलमटोल मुलगा आणि व्हायोलावाली इंची. हे नाव भावांनी ठेवलेलं. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचंच थोडं मोठं, खालच्या सुरांचं भावंड; त्याला ठरलेलं माप नसतं, वाजवणाऱ्याचा हात बघून वाद्य निवडतात. म्हणून पहिल्या दिवशी बाईंनी टेप घेऊन तिचा हात खांद्यापासून तळव्यापर्यंत इंच-इंच मोजला होता.

त्या हाताला बसणारा व्हायोला वाद्यं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने तिला तात्पुरता वापरायला दिला होता. आता त्याला गिऱ्हाईक मिळालं होतं. "तुमच्या भिडेखातर महिनाअखेरपर्यंत थांबतो," तो बाईंना म्हणाला. इंचीचे वडील बस चालवायचे. त्यांनी वाद्याची किंमत विचारली आणि पुढे काहीच विचारलं नाही. राहिलं ते एक छोटंसं अनुदान. व्हायोलाचे शिक्षक आणि त्यांचे विद्यार्थी यांच्यासाठी एक मंडळ ते दरवर्षी देत असे. विद्यार्थ्याने चौघांच्या संचात वाजवून दाखवायचं, एवढीच अट.

अट वाचून बाई खूश झाल्या. त्या दुसरं शिकवतच काय होत्या? वर व्हायोलिन, खाली चेलो, मधली जागा व्हायोलाने भरायची. "तू ऐकू येऊ नकोस," त्या इंचीला सांगत. "पण नसलीस तर कळलं पाहिजे."

मंडळाचे तीन सभासद सभागृहात पहिल्या रांगेत बसले. इंचीने इतकं चांगलं याआधी कधी वाजवलं नव्हतं. थोरला भाऊ घाबरून लयीत पुढे पळत सुटला, तेव्हा गजावर थोडं वजन टाकून तिने त्याला हळूहळू मागे आणलं. चेलोचा स्वर केसभर उतरला. तिने आपलाही तेवढाच उतरवला आणि चूक दिसेनाशी झाली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"संच छान आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण ही मुलगी... वाजवत होती ना?"

बाकीची दोघं मनापासून हसली.

बाई उठल्या. "एक मिनिट द्या मला. इंची, गज खाली ठेव. तुम्ही तिघं तेच परत वाजवा."

"मी नको?"

"तू नुसती बस. कळू दे त्यांना."

तिघांनी वाजवलं. बाईंना मधोमध भोक पडल्यासारखं वाटलं. वरचे स्वर कशालाही न टेकता लोंबत राहिले होते. वाजवणं संपलं तशी त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं, आता बोला अशा नजरेने.

"हे जास्त मोकळं वाटतं," अध्यक्ष म्हणाले.

"स्वच्छ," शेजारच्या सभासद म्हणाल्या.

"तिघांत भागतंय की हो!" तिसरे म्हणाले.

अनुदान दुसऱ्या वर्गातल्या मुलाला मिळालं. त्याचा व्हायोला मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेला होता, जाताना सोबतच्या तिघांना तुडवून. त्याचा मास्तर बाईंचाच जुना विद्यार्थी. तो जिन्यात भेटला.

"रागावू नका, बाई. मी पोराला आधीच बजावलं होतं, सगळ्यांच्या वर वाजव म्हणून. एकदा पदरात पडू दे, मग शिकवतो आवाज दाबून वाजवायला."

"नाही शिकवणार तू."

"का बरं?"

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करशील ना."

तो हसला. नाही म्हणाला नाही.

महिनाअखेरीला बाई आणि इंची वाद्य म्हाताऱ्याला परत करायला गेल्या. दुकानाबाहेरच्या बाकावर बसून इंचीने तारांखाली साचलेली, गजाला लावायच्या राळेची पांढरी पूड फडक्याने पुसली. कोपरेसुद्धा सोडले नाहीत.

"बाई, तुम्ही मला गज खाली ठेवायला सांगायला नको होतं."

"त्यांना कान नाहीत गं."

"त्यांचं सोडा. मी तिथे बसून ऐकत होते ना. मला वाटायचं, मी थांबले तर काहीतरी कोसळेल." तिने फडक्याची घडी घातली. "काही झालं नाही."

"झालं. मला ऐकू आलं."

"तुम्हाला एकटीला," इंची म्हणाली आणि पेटीचे खटके लावले.

पुढच्या वर्गाला तिघंच आले. धाकट्या भावाने चौथी खुर्ची भिंतीशी सरकवली. "आता कोपर तरी लागणार नाही कुणाचं," तो म्हणाला. जुनाच तुकडा त्यांनी सुरू केला. व्हायोला जिथे आत यायचा, तिथे बाईंचा हात सवयीने खूण करायला उठला.

मुलं वाजवत पुढे गेली. कुणी अडखळलं नाही.