बिनचपलेचं पाऊल

मी एक जुनी फळी आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गरम पाण्याचं एक निळंशार कुंड आहे. त्याच्या कडेने जाणाऱ्या लाकडी वाटेत मला ठोकलेलं आहे. मित्रांनो, माणसांचे चेहरे न्याहाळण्याची सोय मला नाही. मी माणसं ओळखते ती पायांवरून.

पाइनच्या झाडातून मला कापलं, तेव्हा वाटलं होतं, एखाद्या घरात जागा मिळेल. नशिबी आली ही वाफ! आधी घाबरले, मग कुतूहलाने पछाडले. माझ्याखाली जमीन सारखी गुडगुडते. इतक्या खोल कोण चूल पेटवून बसलंय? हिवाळ्यात बायसन, म्हणजे इथले केसाळ रानगवे, माझ्यावरून जातात, पण ते काही बोलणाऱ्यातले नव्हेत. म्हणून मी पर्यटकांच्या गप्पांना कान लावते.

पूर्वी लोक माझं कौतुक करायचे. मग एका टोकाचा खिळा सैल झाला आणि मी करकरू लागले. येणारा-जाणारा कुरकुर करी. अखेर एका कामगाराने माझ्यावर खडूने फुली मारली. मला बदलायचं ठरलं होतं. मी फार हिरमुसले.

त्याच आठवड्यात बॉथेल शहरातून सुनेत्रा आली. बरोबर तिची आठ वर्षांची मुलगी इला आणि कोकणातून आलेल्या तिच्या लतामावशी. मावशी लंगडत होत्या.

"मावशी, कारमधून तुमचं जॅकेट आणते. इला, आजीबरोबर थांब हं," असं म्हणून सुनेत्रा गेली. इला कुंडाजवळच्या पाटीवरची माहिती वहीत उतरवू लागली.

"आमच्याकडेही आहेत हो अशी कुंडं," मावशी म्हणाल्या. "दर हिवाळ्यात आंघोळीला जायचे मी. गुडघे कसे मोकळे व्हायचे!"

"कूल, आजी," इला मान वर न करता म्हणाली.

मग मावशींनी पिशवीतून छोटा तांब्या काढला, आणि बूट-मोजेही काढून ठेवले. कुंडाच्या पाण्याशी पायताण घालून कसं जायचं?

इतक्या वर्षांत माझ्यावर प्रथमच उघडं पाऊल पडलं. भेगाळलेली टाच, थकलेली बोटं. मला भरून आलं. आणि लगेच माझा थरकाप उडाला, कारण ते पाऊल वाटेबाहेर निघालं होतं. तिथली जमीन दिसते घट्ट, पण असते पापुद्र्याएवढी. खाली उकळतं पाणी. हे मला ठाऊक, पण मला वाचा कुठे आहे?

मावशींचा सगळा भार माझ्या टोकावर आला. सैल खिळा उचकटला आणि मी उभ्या जन्मात करकरले नव्हते एवढ्या मोठ्याने करकरले.

इलाने वळून पाहिलं. "आजी, नो! स्टॉप!" धावत येऊन तिने मावशींना कमरेला धरून मागे ओढलं. तांब्या माझ्यावर घरंगळला.

"अगं, जरासं पाणी घेत होते."

"ते बॉइलिंग आहे, आजी! आणि ही जमीन पापडासारखी आहे. यू कुड डाय!" इला रडू लागली.

मावशी माझ्यावरच बसल्या. त्यांनी इलाला कुशीत घेतलं. वाफेने मी कोमट झाले होते. हळूहळू त्यांनी दुखरा गुडघा माझ्यावर टेकला.

"इथूनही ऊब लागते गं," त्या म्हणाल्या. मग कुंडाला लांबूनच हात जोडले आणि रिकामा तांब्या पिशवीत ठेवला.

मित्रांनो, त्या पाण्याला हात लावावा असं मलाही वाटतं. वीतभर अंतरावर आयुष्य काढलं, अजून शिवले नाही. काही गोष्टी लांबून पाहण्यातच सुख असतं.

लवकरच माझ्या जागी नवी फळी येईल. गुळगुळीत, घट्ट आणि अगदी मुकी. ती काही करकरणार नाही. म्हणून सांगते, पाटी वाचून झाली की आपल्या माणसांच्या पायांकडेही बघा. आणि एखादं पाऊल वाटेबाहेर पडताना दिसलं, तर माझ्यासारखं मोठ्याने ओरडा.