छाती बघून घेतलेला टर्बो

मित्रांनो, बसा हितं, गोठ्याच्या सावलीला. एक गोष्ट सांगते, खरीखुरी, माज्याच अंगावर आल्याली. मधीच उठू नगा, मी लय तापल्याली हाय.

मी एक जुनी लाल मोटार हाय, परंदवडीच्या स्वराजची. चाकं काढून मला विटांवर टेकवलंय, म्हनून हसू नगा. कारखान्यातनं आले तवा माजं इंजिन ल्हान, पन त्येला टर्बो व्हता. टर्बो म्हंजी धुराच्या जोरावर गरगर फिरून इंजिनात हवा कोंबनारा पंखा. त्येवढ्यावर मी सोमाटन्याच्या रस्त्यानं अशी पळायचे की मानसं वळून बघायची.

पन स्वराजला आनखी पळायचं याड लागलं. गॅरेजात गोरख मिस्त्री त्येला म्हनला, "मधल्या मापाचा टर्बो घे. हवा वाढली की पेट्रोल बी वाढाया पायजे, न्हाईतर इंजिन जळतं. म्हनून मोठा पंप, पेट्रोल फवारनारं मोठं इंजेक्टर, हवा गार करनारा इंटरकूलर. क्लच आन ब्रेक दमदार. मग शेवटी कंप्युटर लावून ट्यूनिंग, म्हंजी हवा-पेट्रोलचा मेळ."

संगं स्वराजचं आजोबा आलते, दत्तोबा आबा. उभा जल्म बैलगाड्याच्या शर्यतीत गेल्याला. आबांनी फळीवरचा सगळ्यात मोठा टर्बो उचलला, त्येच्या तोंडात बोटं घालून बघितलं.

"काय छाती हाय! ह्योच घ्यायचा."

"आबा, ह्यो बैल न्हाई," गोरख म्हनला.

"तू गप रं! तुजा बाप बी बाजारात किडकंच गोऱ्हं निवडायचा."

"आन पंप? ब्रेक?"

"ते बघू दिवाळीनंतर," स्वराज म्हनला.

गोरखनं हात जोडून बसवायला नकार दिला, तवा दुसऱ्या मिस्त्रीकडनं बसवला. टर्बोवर भंडारा उधळला, मला माळ घातली. मुक्ताबाई आजीनं ओवाळलं. माजं डोकं फिरलं! ह्याच आबांनी खारीक, अंडी, दूध घातल्याबिगर कदी बैल गाड्याला जुपला न्हाई. बैलाला खुराक, आन मला नुसती माळ?

रविवारी स्वराज भन प्रेरणाला घेऊन दुधिवऱ्याच्या खिंडीतनं लोणावळ्याला निगाला. चढाला फुडं गावातल्याच लखनची वडापची जीप, मानसांनी गच्च. स्वराजनं पाय दाबला. एवढा थोरला पंखा फिरायलाच येळ लावतो. काय बी झालं न्हाई. जीपच्या बरोबरीला आले, आन तवा एकदम हवा आली, धाडकन! त्येवढं पेट्रोल कुटनं आनू मी? पोटात आग झाली, पिस्टन वितळला, आन उलट्या बाजूला मी बंद पडले. समोरनं एस्टी.

"दादाऽ!" प्रेरणा किंचाळली.

लखननं करकचून ब्रेक मारला, जीप मागं ठिवून फुडं फट केली. त्या फटीत मी कशीबशी शिरले. लखन खाली उतरला. "भनीला कुटं न्यायला निगालतास रं? लोणावळ्याला का वर?"

स्वराजनं मला दोर बांधून घरी वढत न्हेलं. घरी आल्यावर आबा काय म्हनलं म्हायती हाय? "हिचं इंजिनच कच्चं!" इतकी वर्सं एकदा बी वाटंत थांबले न्हाई, आन मी कच्ची!

आता दुसरं इंजिन आनून ठिवलंय. उद्या बसवायचंय. टर्बो त्योच. पंप न्हाई, ब्रेक न्हाई. काल प्रेरणानं तोंडावर सांगितलं, "मी ह्या गाडीत परत बसनार न्हाई."

स्वराज हसला. "नको बसू. गावातली पोरं हायेत की, चक्कर मारायला रांग लावत्यात."

रांग म्हंजी तुमी, मित्रांनो! त्यो गोरखचं ऐकत न्हाई, भनीचं बी न्हाई. पन बघनारं कुनी नसलं की त्येचं सगळं अवसान जातं, मला ठावं हाय. इंजिन बसलं की त्यो गल्लीत हॉर्न वाजवंल. कुनी पळत येऊ नगा. आपापल्या दारात उभं ऱ्हावा आन समद्यांनी मिळून सांगा, "दादा, आदी पंप आन ब्रेक. तवर आमी बसनार न्हाई."

सांगाल न्हवं?