मारेताचा फ्रीज

तेबोरानं केवड्याच्या कुडाची एक पात बोटानं बाजूला सारली आणि फटीला डोळा लावला. पलीकडं मारेता वाकून कोबीला पाणी घालत होती. करवंटीनं, एकेका रोपाच्या बुडाशी, पानांवर थेंबही उडू न देता. पानं पंजापेक्षा रुंद होती, हिरवीगार, एकाही पानाला डाग नव्हता. तेबोराच्या पोटात भडका उडाला.

"पुन्हा?" मागून मचाणावरून तिचा नवरा बाउरो म्हणाला. तो फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसला होता. "त्या कुडाला भोक पडायचं एक दिवस."

"मी कोंबडी शोधतेय."

"कोंबडी इथं माझ्या पायाशी आहे."

तेबोरानं पात सोडून दिली, पण कुडापासून ती हलली नाही.

मारेता तिची लांबची जाऊ. बाउरोच्या चुलतभावाची बायको. चार वर्षांपूर्वी आबेमामा बेटावरून दोन गाठोडी घेऊन इथं बेशियोत आली तेव्हा नवरा जहाजावर नोकरीला लागला होता आणि हिला टेकायला जागा नव्हती. बेशियोत माणूस आडवा झाला तर त्याचे पाय शेजाऱ्याच्या घरात जातात, इतकी दाटी. तेबोरानंच तिला आपल्या कोपऱ्यातली दहा पावलांची जागा दिली. त्या दहा पावलांत झोपायचं, शिजवायचं, कपडे वाळवायचे. उरलेल्या हातभर जागेत मारेतानं किनाऱ्यावर कुणी टाकलेला मोडका फ्रीज आणून आडवा पाडला, दार उपटलं, तळाला भोकं पाडली आणि त्यात पालापाचोळा भरायला सुरुवात केली. तेव्हा सगळ्यात जास्त हसली होती तेबोराच. "काय गं, पाचोळा थंड करून खाणार का?" असं तिनं गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं होतं.

आता तीच गल्ली फ्रीज बघायला येत होती.

हे सोसायला अवघड होतं, कारण पिकवणं ही तेबोराच्या घराण्याची गोष्ट होती. तिच्या बापाच्या अळूचा कंद माणसाच्या मांडीएवढा व्हायचा. खड्ड्यात कोणता पाला घालायचा, किती दिवस कुजवायचा, गंजके डबे मुळाशी कधी पुरायचे, हे त्यानं जावयांनासुद्धा सांगितलं नाही. फक्त तेबोराच्या कानात सांगितलं, तेही मरायच्या आदल्या वर्षी. कुणी कुणाला अळूचं गुपित विचारायचं नाही आणि कुणी कुणाला सांगायचं नाही, हीच रीत. दोन वर्षांपूर्वी मोठी भरती जमिनीवर चढली आणि अळूचा खड्डा गेला. तेव्हा तिनं बापाची सगळी विद्या मोटारीच्या सात जुन्या टायरांत ओतली आणि चिनी कोबी लावला. पहिला हंगाम बरा गेला. मग पानं चमच्याएवढीच राहू लागली आणि कडेनं करपू लागली. तिनं बियाण्याला दोष दिला, कोंबड्यांना दिला, वाऱ्याला दिला. शेवटी दोष देण्याजोगं मारेताशिवाय कुणी उरलं नाही.

"हल्ली पाण्यालासुद्धा येत नाही माझ्या विहिरीवर," ती बाउरोला म्हणाली. "माझ्या आजोबानं खणलेली विहीर. आल्या आल्या दिवसातून तीनदा यायची. आता बादली घेऊन मागच्या वाटेनं जाते, तोंड चुकवून. कोबी मोठा झाला, तशी मान पण मोठी झाली."

बाउरो जाळ्यावर फारच खाली वाकला.

त्याच आठवड्यात तोकारेआ म्हातारा आला. पुढच्या रविवारी मानेआबात चर्चची मोठी मेजवानी होती. सगळी गल्ली त्या सभामंडपात बसणार, आणि म्हाताऱ्यांच्या पंगतीपुढं पालेभाजीचं ताट जायचं ते अकरा वर्षं तेबोराच्या घरून. तिनं चटई झटकून अंथरली. म्हातारा बसला नाही. तो खाकरला, टायरांकडं बघितलं, आकाशाकडं बघितलं.

"मारेता घरी असते का गं या वेळी?" त्यानं विचारलं.

तेबोरानं हातानं कूड दाखवला. तिला त्या क्षणी मारेताचा इतका राग आला, की आपलीच दिलेली ती दहा पावलं उचलून समुद्रात फेकावीत असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुडाला वळसा घालून गेली. मारेतानं गडबडीनं चटई टाकली, नीरेचा पेला पुढं केला. तेबोरानं पेला संपवला. तोंड पुसलं.

"मारेता, मी बुबुसी मागायला आलेय."

मारेताचा हात थांबला. बुबुसी म्हणून मागितलं, की नाही म्हणता येत नाही. आपल्या माणसानं होडी मागितली तर होडी, अंगावरचा सदरा मागितला तर सदरा. नाही म्हणणाऱ्याची लाज त्याच्या नातवंडांपर्यंत पुरते.

"मागा ना, जाऊबाई."

"तो फ्रीज. आहे तसा. कोबीसकट."

पलीकडं कुणाचा तरी रेडिओ चालू होता. मारेतानं फ्रीजकडं बघितलं नाही. तिनं तेबोराकडं बघितलं, आणि मग हसली.

"न्या की. गल्लीतल्या पोरांना हाक मारते, जड आहे."

ती रडली असती, भांडली असती, तर तेबोराला बरं वाटलं असतं. सहा जणांनी वाशांवर घेऊन फ्रीज कुडापलीकडून अलीकडं आणला. गल्ली बघायला जमली, पण कुणी काही बोललं नाही. बुबुसीला कोण काय बोलणार? संध्याकाळी तोकारेआ म्हातारा पुन्हा आला, फ्रीज बघून दोनदा पापण्या मिटल्या आणि म्हणाला, "बरं तर, ताट यंदाही इथूनच."

अंधार पडायच्या आधी मारेता भरलेली बादली घेऊन दारात उभी राहिली.

"रोपांना या पाण्याची सवय आहे, म्हणून…"

"पाणी आहे माझ्याकडं," तेबोरा म्हणाली. "भरपूर."

मारेतानं बादली ठेवली आणि गेली. तेबोरानं त्या पाण्यानं पाय धुतले.

तिनं कोबीला पाणी घातलं ते आपल्या विहिरीचं, सकाळ-संध्याकाळ, सढळ हातानं. तिसऱ्या दिवशी पानं मलूल झाली. पाचव्या दिवशी त्यांच्या कडा करपल्या, तिच्या टायरांतल्या पानांसारख्याच. रविवारला तीन दिवस उरले होते.

"तिनं काहीतरी ठेवून घेतलंय," तेबोरा म्हणाली आणि गुडघ्यांवर बसून फ्रीजमध्ये कोपरापर्यंत हात घातला. पाचोळा वर आला. कुपा माशाच्या मुंडक्यांची हाडं वर आली. मग ठेचून चपटा केलेला गंजका डबा. मग दुसरा. हे तर बापाचंच सगळं होतं. थरही तेच, डबेही त्याच खोलीवर. तिकडं आबेमामात मारेताच्या कुठल्या तरी म्हाताऱ्यानंही तिच्या कानात हेच सांगितलं असणार.

"मग इथं का मरतोय?" ती ओरडली. "माती तीच, ऊन तेच!"

बाउरोनं जाळं बाजूला ठेवलं. इतका वेळ तो ज्या गोष्टीपासून पळत होता ती आता अंगावरच आली होती.

"विहीर खारी झालीय," तो म्हणाला.

"कुणाची?"

"आपली. भरती चढली तेव्हापासून हळूहळू. आता फारच."

पिण्याला पन्हाळीखालच्या पिंपातलं पावसाचं पाणी. विहिरीचं फक्त धुण्याला आणि झाडांना. तेबोरा उठली, पोहरा सोडला, वर ओढला, ओंजळ तोंडात घेतली. थुंकली.

"कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"गल्लीला."

"आणि मला कुणी सांगितलं नाही!"

"तुझ्या आजोबाची विहीर. तुला कोण सांगणार? मी? मला याच घरात झोपायचं असतं." त्यानं पोहरा तिच्याजवळून उचलून बाजूला ठेवला. "मारेताला सगळ्यात आधी कळलं. तिची रोपं करपली होती. तेव्हापासून ती चर्चमागच्या टाकीवरून आणते. मागच्या वाटेनं जाते, तुला दिसू नये म्हणून. दोघी समोरासमोर आलात तर तुला कळेल आणि तुला लाज वाटेल, म्हणाली."

तेबोरा विहिरीच्या काठावर बसली. वर्षभर मनात घोळवून ठेवलेले टोमणे तिच्या तोंडाशी आले आणि एकही उपयोगाचा नव्हता. मारेताचा राग येईना म्हणून तिला मारेताचा राग आला.

ऊन उतरल्यावर मारेता आली. तिनं करपलेल्या पानांकडं बघितलंच नाही. हातात दोन बादल्या होत्या, काठोकाठ भरलेल्या.

"जाऊबाई, मी बुबुसी मागायला आलेय."

तेबोराला वाटलं, आता फ्रीज परत मागेल. मागू दे. हक्कच आहे.

"संध्याकाळ खायला उठते हो मला. हातांना सवय लागलेली. रविवारपर्यंत या कोबीला पाणी घालायचं काम मला द्या. ताट तुमच्याच घरून जायचं, ते काही नाही. फक्त पाणी मी घालणार."

नाही म्हणता येत नव्हतं. तेबोरानं तरी नाही म्हणण्याजोगं काही सापडतंय का म्हणून फार शोधलं.

"घाल," ती म्हणाली.

मारेता वाकली. करवंटीनं, एकेका रोपाच्या बुडाशी. तेबोरा बघत राहिली आणि तिच्या आत पुन्हा तीच आग पेटली, पण या वेळी कोबीवरून नव्हे. आपण मागितलं ते ओरबाडलं. हिनं मागितलं आणि देऊन गेली. मागण्यातसुद्धा ही बाई आपल्यापुढं जाणार म्हणजे काय!

ती ताडकन उठली आणि मचाणाखालून धुण्याच्या बादल्या बाहेर ओढू लागली. एक, दोन, आणि कडी तुटलेली तिसरी.

"कुठं निघालीस?" बाउरोनं विचारलं.

"चर्चमागं. टाकीवर."

"मागच्या वाटेनं जा, इकडं सगळी गल्ली बसलीय बाहेर."

"बसू दे," तेबोरा म्हणाली. "ती दोन आणते. मी तीन आणणार."