फुली मारलेली अंडी

आमचा एकुलता एक कोंबडा माझ्या सासूने, शेवंतीबाईने, माझ्यासाठीच कापला. सात वर्षं झाली, सुलक्षणेचा, म्हणजे माझा, पाळणा हलत नाही, म्हणून तिने कांजूरमार्गच्या आमच्या चाळीमागे जागेवाल्याला, म्हणजे जागेच्या राखणदार देवाला, नवस बोलला आणि दिवाळी सरल्यावर कोंबडा दिला. रस्सा अख्ख्या चाळीने चापला. त्याने माझ्या पोटाला काय होणार होतं, कपाळ?

दीड महिन्याने कोंबडी खुडूक झाली, अंडी उबवायला बसू लागली. मी टोपलीत पेंढा घालायला गेले तर सासू अंगावर आली.

"तू हात लावू नको. अंडी लेकुरवाळीन बसवूची. तुझ्या हाताक गुण नाय."

शेजारणी दारात उभ्या होत्या. त्यांच्यासमोर हळदकुंकू वाहून तिने कोंबडीखाली नऊ अंडी मांडली. वर म्हणाली, "संक्रांत झाली की हिका माहेराक धाडतंय आणि झिलाक दुसरी बघतंय."

झील म्हणजे माझा नवरा जयवंत. तो तिथेच पेपर वाचत बसला होता. मान वर केली नाही मेल्याने. चेंबूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासून दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, तुझ्यात काही दोष नाही, आता नवऱ्याला पाठव. त्याच्या तपासणीची चिठ्ठी कॅलेंडरमागे खोचून, त्याला सांगून सांगून मी थकले. नववीच्या पुस्तकात हायड्रा होता, एकट्याच्याच अंगाला कोंब फुटून त्याचं पोर व्हायचं. मी हायड्रा आहे काय?

तणतणत खालच्या चाळीतल्या मैत्रिणीकडे, ॲग्नेसकडे, गेले. तिच्याकडे सहा कोंबड्या आणि एक दांडगा कोंबडा. सगळं ऐकून ती हसायलाच लागली.

"वेडी काय गं तुझी सासू? कोंबडा नसला तरी कोंबडी अंडं देते, पण त्यातून पिल्लू नाही निघत. कोंबडा गेल्यावर दोन-तीन आठवडे चालतं, मग सगळी वांझ अंडी. खा तळून."

मी तिच्याकडून चार अंडी घेतली. प्रत्येकावर पेन्सिलीने फुली मारली. दुपारी सासू झोपल्यावर तिची चार काढली आणि ही चार ठेवली. माझ्या हाताने, ज्याला गुण नाही त्याच. काढलेल्यांची पोळी करून जयवंतला वाढली. छान झालीय म्हणाला.

एकविसाव्या दिवशी सकाळी टोपलीत चिवचिव सुरू झाली. चार पिल्लं. सासूने शेजारणींना हाका मारल्या.

"बघा गो, माझ्या हाताचो गुण."

मी शांतपणे सांगायचं ठरवलं होतं, पण हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. टोपलीतली फुटकी कवचं उचलून तिच्या डोळ्यांसमोर धरली.

"ह्या फुल्या बघा, आई. ही चारही ॲग्नेसकडची, मी ठेवलेली. आता तुमची हळदकुंकवाची बघा." राहिलेल्या पाचांतलं एक उंबऱ्यावर आपटलं. अशी घाण सुटली की शेजारणींनी पदर नाकाला लावले.

"तुझो हात लागलो म्हणान कुजली," सासू म्हणाली, पण आवाज पडला होता.

"कोंबडी तीच, पेंढा तोच, ऊब तीच. कोंबडाच नव्हता तर बिचारी कोंबडी काय करणार? तिच्या जागी दुसरी आणून बसवली असती, तरी पिल्लं निघाली असती काय?"

सासू खाली टोपलीकडे बघत राहिली, आणि मग हळूच मान वळवून तिने लेकाकडे बघितलं. सात वर्षांत पहिल्यांदा.

मी कॅलेंडरमागची चिठ्ठी काढून जयवंतच्या पेपरवर ठेवली. सगळ्यांसमोर. त्याने ती उलटसुलट केली. कान लाल झाले होते.

"दवाखाना कधी उघडतो?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

"दोन वर्षं उघडाच आहे," मी म्हटलं.