आर्गॉनची वही

शुक्रवारी दुपारी सेजलने पंप एकदा चालवला, बंद केला आणि नोंदवहीत 'तीन वेळा' असं लिहून मोकळी झाली. वीस मिनिटं वाचली. त्या वीस मिनिटांत तिला मिळणार होतं ते असं: शोधनिबंधावर पहिलं नाव, त्या नावाच्या जोरावर जर्मनीतली जागा, आणि गावी लाटंबार्सेत 'अजून शिकताच काय गो?' विचारणाऱ्यांची कायमची बंद तोंडं. सर म्हणाले होते, पातळ पापुद्र्यांचे फोटो आधी आणेल तिचं नाव पुढे. त्याच कामावरची दुसरी विद्यार्थिनी समीक्षा गावी, जत्रेला. मायक्रोस्कोपची पाळी चार वाजता. सौदा वाईट नव्हता.

पदार्थ मात्र भलता मानी. कॅल्शियम नायट्राइडचे थरावर थर आणि दर दोन थरांच्या मध्ये कोणत्याच अणूच्या मालकीचे नसलेले इलेक्ट्रॉन. हे थर द्रावणात सुटे करायचे, अणूंच्या मापाचे पातळ. दमट हवा लागली की काळी चमक जाते, पांढरी पूड उरते. म्हणून सगळं काम आर्गॉन भरलेल्या काचेच्या पेटीत, रबरी हातमोज्यांतून. आत जाणारी वस्तू आधी बाजूच्या कोठडीत ठेवायची, तिथली हवा उपसायची, आर्गॉन भरायचा. तीनदा.

"दोन-दोन बाया दिवसभर साली काढतत," पेडण्याहून येणारा गोकुळदास चहाबरोबर उंडे पाव ठेवताना म्हणायचा, "आणि भाजयेक एक कांदो नाय!"

प्रयोगशाळेचे सिलिंडर तोच बदलायचा. नऊ वर्षं, दर वर्षी नव्या कंत्राटावर.

सोमवारी समीक्षाने हातमोज्यांत हात घातले. तिच्या अकराही बाटल्यांत तळाला पांढरं बसलं होतं. ती हात बाहेर काढायलाच विसरली.

सरांनी नोंदवही पाहिली. 'तीन वेळा', खाली सेजलची सही.

"मग हवा शिरली कुठून?"

"सर," सेजल म्हणाली, "शुक्रवारी सकाळी सिलिंडर बदलला होता."

वाक्य खरं होतं. खोटं असतं तर कदाचित तिची जीभ अडखळली असती.

महिनाअखेरीस गोकुळदासचं कंत्राट पुढे वाढलं नाही. तोवर फोटो सरांना आवडले होते, जर्मनीहून पत्र आलं होतं. त्याच्या शेवटच्या दिवशी सेजलने आईने दिलेले काजू पिशवीत घालून आणले, पण ते टेबलावर ठेवायला तिला दुपार उजाडली.

"काका, हे घरचे."

"दी गो." त्याने पिशवी घेतली आणि खिशातून एक चुरगळलेली वही काढली. "ही तू ठेव, बाय. आता गॅसाकडे कोण बघतलो?"

तिने उघडली. रोजचे दोन आकडे, सकाळचा दाब आणि संध्याकाळचा. छोटा सिलिंडर, कोठडीच्या तीन फेऱ्या झाल्या की काटा नऊने उतरायचा. प्रत्येक पानावर फरक नऊ, अठरा, नऊ. त्या शुक्रवारी पेटीवर ती एकटीच होती. सकाळी बदलल्यावर एकशे पन्नास. संध्याकाळी एकशे सत्तेचाळीस.

तीन. म्हणजे एक फेरी.

तिने वर पाहिलं नाही. "ही सरांना दाखवली नाही तुम्ही?"

"माका कोणी इचारूकच नाय." तो काजूच्या पिशवीला गाठ मारत होता. दोनदा मारली. "तुझा जर्मनीचा झाला मां?"

"झालं."

"बरा झाला. थंयसर हवा कोरडी असतली."

म्हापशाची बस चुकेल म्हणून तो निघाला. जिन्यावर त्याच्या चपलांचा आवाज संपेपर्यंत सेजल तशीच उभी होती. सरांचं दार चार पावलांवर, उघडंच होतं. आत पंखा फिरत होता.

ती पेटीकडे वळली. कोठडीत ठेवायला काही नव्हतं. तरी तिने पंप चालवला. हवा उपसली, आर्गॉन भरला. पुन्हा. पुन्हा. काट्याकडे पाहिलं. बरोबर नऊने उतरला होता. तिने गोकुळदासच्या वहीत, त्याच्या शेवटच्या आकड्याखाली, आपल्या सुबक अक्षरात काट्यावरचा आकडा लिहिला, आणि वही आपल्या बॅगेत तळाशी ठेवली.

समीक्षाच्या अकरा बाटल्या गेल्या. गोकुळदासची नऊ वर्षं. सेजलचा गेला होता अर्धा तास, तोही आज.